कृष्णविवराभोंवतालचें रिंगण

एखादें शास्त्रीय सत्य कोणीं एकदां सिद्ध केलें म्हणजे तें जगाच्या पदरीं पडलें, असा आपला समज असतो. इतिहासाची साक्ष निराळी आहे.

कृष्णविवर शेजारच्या ताऱ्याचा वायु ओढून घेतें. तो सरळ आंत न पडतां चकतीच्या आकारांत फिरत राहतो. ग्रह सूर्यांत पडत नाहींत. मग हा वायु तरी कां पडावा? आंत जावयाचें तर आपल्या भ्रमणाची ठेव त्यानें बाहेरच्यास दिली पाहिजे. वायूच्या अंगचें घर्षण यास फारच अपुरें. १९७३ सालीं शाकुरा व सुन्याएव या रशियन पंडितांनीं हें घर्षण एका ग्रीक अक्षरानें मांडलें. हिशेब जुळला, कारण अंधारांतच राहिलें.

वस्तुतः कारण आधींच छापलेलें होतें. १९५९ सालीं वेलिखॉव्ह यांनीं व १९६० सालीं आपल्या चंद्रशेखरांनीं फिरत्या नळकांड्यांमधील विद्युद्वाहक द्रवाचें गणित करतांना दाखविलें होतें कीं, आंतील थर बाहेरच्याहून लवकर फेरा पुरा करीत असल्यास दुर्बळ चुंबकक्षेत्रहि प्रवाह अस्थिर करतें.

बीडकडून आषाढीस पंढरपुरीं जाणाऱ्या दिंडीचें रिंगण मनांत आणावें. आंतला वारकरी वेगानें, बाहेरचा संथ धांवत आहे. दोघांच्या कमरेस एकच उपरणें बांधलें आहे. तें आंतल्यास मागें खेंचतें, बाहेरच्यास पुढें. चकतींत मागें खेंचलेला वायु आपली ठेव गमावून आणखी आंत घसरतो व उलट अधिकच वेग घेतो. दुसरा बाहेर सरतो. ताण वाढतच जातो. चुंबकरेषा हेंच तें उपरणें.

हें गणित चकतीस लागू पडतें, हें बाल्बस व हॉली यांनीं १९९१ सालीं दाखविलें. मध्यें एकतीस वर्षें गेलीं! सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरणस्रोत सांपडला तोच मुळीं १९६२ सालीं. म्हणजे येथें उत्तर आधीं जन्मलें, प्रश्न मागाहून. परंतु प्रश्न जन्मल्यावरहि उत्तर वर्षानुवर्षें ग्रंथालयांत पडून होतें, हें विसरूं नये.

या चकतींचा अभ्यास आपल्याकडेहि झाला आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व इस्रो यांनीं मिळून केलेलीं उपकरणें १९९६ सालीं भारतीय उपग्रहावरून अंतराळांत गेलीं. त्यांनीं गरुड तारकासमूहांतील एका कृष्णविवराजवळचे क्ष-किरण ठराविक लयींत भडकतांना टिपले.

आमच्या महाविद्यालयांत द्रवाचें गणित एका वर्गांत व आकाशाचें दुसऱ्या वर्गांत शिकवितात. दोन्ही वर्गांत बसणारा विद्यार्थी क्वचितच आढळतो. ज्ञान मात्र पुष्कळदां त्याचीच वाट पाहत असतें.