जॉर्जो मोरांदी

जॉर्जो मोरांदी (२० जुलै १८९० – १८ जून १९६४) हे इटालियन चित्रकार व मुद्राचित्रकार होते. बाटल्या, सुरया, डबे, वाडगे अशा साध्या घरगुती वस्तूंच्या स्थिरचित्रांसाठी ते प्रसिद्ध आहेत.

जीवन

मोरांदी यांचा जन्म इटलीतील बोलोन्या येथे झाला. तेथील ललितकला अकादमीत त्यांनी १९०७ ते १९१३ या काळात शिक्षण घेतले. १९०९ मध्ये वडिलांचे निधन झाले. त्यानंतर हे कुटुंब फोन्दात्सा रस्त्यावरील घरात राहण्यास गेले. मोरांदी अविवाहित होते. तीन बहिणींसमवेत ते अखेरपर्यंत याच घरात राहिले आणि झोपण्याची खोली हीच त्यांची चित्रशाळा होती. १९१५ मध्ये ते सैन्यात दाखल झाले, परंतु आजारपणामुळे लवकरच परतले. प्राथमिक शाळांत चित्रकला शिकवल्यानंतर १९३० ते १९५६ या काळात त्यांनी अकादमीत अम्लरेखनाचे (एचिंगचे) अध्यापन केले.

जगापासून अलिप्त राहिलेला एकांतप्रिय कलावंत ही त्यांची रूढ प्रतिमा पूर्णतः खरी नाही. १९२८ मध्ये बोलोन्यातील एका फॅसिस्ट नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संक्षिप्त आत्मवृत्तात त्यांनी फॅसिझमवरील विश्वास व्यक्त केला होता. पुढे १९४३ मध्ये, फॅसिस्टविरोधी मित्रांशी असलेल्या संबंधांवरून, त्यांना काही दिवस अटकेत राहावे लागले.

चित्रशैली

मोरांदी यांच्यावर सेझानचा प्रभाव होता. १९१८ च्या सुमारास ते ‘पित्तुरा मेताफिसिका’ या चित्रपंथाकडे वळले, मात्र हा टप्पा अल्पकालीन ठरला. त्यानंतर त्याच त्या वस्तूंची मांडणी बदलून ते चित्रे काढीत राहिले. चकाकी व प्रतिबिंबे टाळण्यासाठी ते बाटल्यांना रंग देत आणि त्यांवर बसलेली धूळ तशीच राहू देत. मेजावर पसरलेल्या कागदावर प्रत्येक वस्तूची जागा पेन्सिलीने आखलेली असे. एखादी बाटली थोडी सरकली, की दोन वस्तूंमधील अंतर, छाया आणि कडांचा मेळ बदलत असे. मोरांदींचा खरा चित्रविषय हा बदलच होता, असे म्हणता येईल. उत्तरकालीन चित्रांत करडे, मातकट व फिकट गुलाबी रंग इतके जवळ येतात, की वस्तू कोठे संपते आणि पार्श्वभूमी कोठे सुरू होते हे चटकन उमगत नाही. अम्लरेखनात मात्र रंगाचा आधार नसल्याने हाच परिणाम त्यांनी केवळ एकमेकींना छेदणाऱ्या रेषांच्या दाटीतून साधला.

सन्मान

कला-इतिहासकार रोबेर्तो लोंगी यांनी १९३४ मध्ये बोलोन्या विद्यापीठातील व्याख्यानात त्यांचा गौरव केला. १९४८ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात आणि १९५७ मध्ये साओ पाउलो येथे त्यांना चित्रकलेचे पारितोषिक मिळाले. बोलोन्यातील मोरांदी संग्रहालय १९९३ मध्ये सुरू झाले. ज्या ग्रित्साना गावाची निसर्गचित्रे त्यांनी वर्षानुवर्षे रंगवली, त्याचे १९८५ मध्ये ‘ग्रित्साना मोरांदी’ असे नामकरण करण्यात आले.