जोजिला : लडाखचा उंबरठा

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. पाककृती आणि कविता इतर भगिनी देतीलच. आपण एका वाटेचा इतिहास सांगावा असे मी ठरविले. ही वाट म्हणजे काश्मीर आणि लडाख यांच्यामधली जोजिलाची खिंड. तिच्याशी माझे एक जुने भांडण होते.

माझा धाकटा भाऊ सैन्यात होता. १९७४ साली त्याचे ठाणे द्रासच्या बाजूला होते. आई गेली ती माघात आणि भाऊ दारात उभा राहिला तो जेठ लागल्यावर. "ताई, खिंड बंद होती गं," एवढेच तो म्हणाला. मला ते पटले नाही. मनात आणले तर माणसाला वाट सापडत नाही का? बोरघाटापलीकडे घाट न पाहिलेली मी, मला काय ठाऊक! पुढे पुष्कळ वर्षांनी त्या वाटेने जाण्याचा योग आला. परतल्यावर वाचनालयातून पुस्तके आणून वाचली, तेव्हा कुठे उलगडा झाला.

तिकडच्या भाषेत 'ला' म्हणजेच खिंड. जोजिलाची उंची सुमारे साडेअकरा हजार फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. तरी हिमालयाच्या मानाने ही काही फार उंच नव्हे. याच रस्त्यावर पुढे फोतुला नावाची खिंड आहे, ती तेरा हजार फुटांच्या वर आहे. मग नाव निघते ते जोजिलाचेच, असे का? पश्चिमेकडून येणारे हिवाळी ढग या डोंगरभिंतीवर आदळतात आणि आपले सारे बर्फ तिथेच ओतून रिकामे होतात. त्यामुळे अलीकडे सोनमर्गाला देवदार आणि हिरवी कुरणे, तर पलीकडे झाडही दिसू नये असे उघडेबोडके डोंगर. बालतालची बाजू भिंतीसारखी उभी, तिच्यावरून हिमकडे कोसळतात. लडाखची बाजू मात्र हळूहळू उतरत जाते. पूर्वी वर्षातले पाच-सहा महिने ही वाट बंदच असे.

एक गंमत सांगते. खिंडीच्या अलीकडचे पाणी झेलमला मिळते आणि पलीकडचे द्रास नदीतून सिंधूला. पण झेलमही शेवटी चिनाबमार्गे सिंधूतच जाते. माथ्यावर ताटातूट झालेले पाणी शेकडो कोस फिरून पुन्हा एक होते.

या दारातून इतिहास कितीदा आतबाहेर झाला! चौदाव्या शतकाच्या आरंभी रिंचन नावाचा लडाखी राजपुत्र आश्रयाला म्हणून इकडून काश्मिरात उतरला आणि १३२० साली तिथला राजाच होऊन बसला. ज्या रामचंद्राचा त्याने घात केला, त्याच्याच मुलीशी, कोटाराणीशी, त्याने लग्न केले. तिच्या मनाला काय वाटले असेल ते कोणत्या बखरकाराने लिहावे? पुढे १३३८-३९ मध्ये ही कोटाराणी स्वतः गादीवर बसली. पुढे सोळाव्या शतकात मिर्झा हैदर दुघलातही सैन्य घेऊन याच खिंडीतून काश्मिरात आला.

पण राजांपेक्षा या वाटेने अधिक ये-जा केली ती लोकरीने. चांगथांगच्या पठारावरील बकऱ्यांची पश्म लेहला येई आणि तिथून ओझ्याच्या तट्टांवरून व हमालांच्या पाठीवरून जोजिला ओलांडून श्रीनगरला पोहोचे. १६८४ च्या तहात ही लोकर काश्मिरी व्यापाऱ्यांनाच विकावी असे कलमच होते. एका बकरीची वर्षाची पश्म पाव किलोच्या आतबाहेर. ती निवडून चरख्यावर केसासारखे सूत काढण्याचे काम मात्र घरोघरच्या बायकांचे. पेशवाईत शालजोडी देऊन गौरव होई. त्यांतल्या काश्मिरी शालीत लडाखची थंडी, जोजिलाचा चढ आणि कुणा काश्मिरी माउलीचे डोळे, असे सगळेच विणलेले असे.

१९४८ साली हे दार शत्रूच्या हाती गेले. द्रास आणि कारगिल पडले, लेहची जमिनीवरची वाट तुटली. सप्टेंबरात आपल्या पायदळाने केलेले हल्ले फसले. तेव्हा जनरल थिमय्यांनी रणगाडे वर नेण्याचे धाडस केले. कुणाला सुगावा लागू नये म्हणून रणगाड्यांचे वरचे भाग उतरवून ते आणले गेले आणि सॅपर जवानांनी बालतालवरून वर वाट खोदली. १ नोव्हेंबर १९४८ रोजी, बर्फ पडत असताना, सातव्या कॅव्हलरीचे रणगाडे खिंडीत शिरले. इतक्या उंचीवर रणगाडे येतील हे शत्रूच्या स्वप्नीही नव्हते. खिंड मोकळी झाली, त्याच महिन्यात द्रास आणि कारगिल परत मिळाले. १९९९ साली शत्रू द्रास-कारगिलच्या शिखरांवर येऊन बसला, तोही याच रस्त्यावर नजर ठेवून.

आता खिंडीच्या पोटातून तेरा किलोमीटरांहून लांब बोगदा काढण्याचे काम २०२० साली हाती घेण्यात आले. त्याचा हेतू एवढाच, की वाट बारमाही राहावी.

आमची मोटार माथ्यावर थांबली तेव्हा आषाढ होता, तरी कडेला पुरुषभर उंचीच्या बर्फाच्या भिंती उभ्या होत्या. खाली पाहवत नव्हते. माघात इथे काय असेल ते मला कुणी सांगावे लागले नाही. घरी आल्याबरोबर मी भावाला फोन केला आणि म्हणाले, "तुझी खिंड पाहिली रे. मी उगीच इतकी वर्षे राग धरला." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई, माझा एकच हिवाळा गेला. तिथल्या बायकांचा विचार कर. बाळंतपण अडले तरी त्यांना वाट नव्हती."

भगिनींनो, तेव्हापासून बोगद्याची बातमी वर्तमानपत्रात आली की मी ती आधी वाचते.