मातृभाषेतून उच्च शिक्षण : दोन प्रयोग



मुलाला कोणत्या माध्यमात घालावे, हा प्रश्न दरवर्षी जून महिना जवळ आला की आपल्या घराघरांत निघतो. शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न उच्च शिक्षणापुढे होता. त्या वेळी त्यावर केवळ भाषणे न होता दोन मोठे प्रयोग झाले. एक आपल्या पुण्यात आणि दुसरा हैदराबादेत.

महर्षी धोंडो केशव कर्वे १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. टोकियोतील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या वाचनात आली आणि १९१६ साली त्यांनी पुण्यात महिला विद्यापीठ स्थापन केले. आरंभी कॉलेजात विद्यार्थिनी अवघ्या पाच! शिक्षण मातृभाषेतून आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय, असा नियम होता. सरकारची कायदेशीर मान्यता स्वातंत्र्यानंतरच मिळाली. तोवर हे काम लोकांच्या देणग्यांवर चालले.

हैदराबादेत १९१७ साली निजाम मीर उस्मान अली खान यांनी उस्मानिया विद्यापीठाचे फर्मान काढले. तेथे माध्यम उर्दू. इंग्रजी येथेही सक्तीचे. पण उर्दूत पुस्तके कोठून आणावयाची? त्यासाठी भाषांतर विभाग उघडण्यात आला. त्याचे प्रमुख झाले मौलवी अब्दुल हक. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, ही त्यांची कर्मभूमी होती. शास्त्राचे जाणकार आणि भाषेचे जाणकार एकत्र बसून एकेका संज्ञेवर वाद घालीत. प्राध्यापक वहीदुद्दीन सलीम यांनी तर शब्द कसे घडवावेत यावर १९२१ साली स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पुढे वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकविले गेले. १९४८ नंतर मात्र तेथे इंग्रजी माध्यम आले.

या प्रयोगाची एक उणीवही सांगितली पाहिजे. निजामाच्या राज्यात बहुसंख्य लोकांची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या मुलाला उर्दूही नव्याने शिकावी लागे. एकाची मातृभाषा ही दुसऱ्याला परकीच असते.

तरीही या शिक्षकांनी जो प्रश्न विचारला तो मोलाचा आहे. 'मी काय शिकविले?' एवढ्यावर ते थांबले नाहीत. 'समोरच्याला ते कोणत्या भाषेत समजेल?' हे त्यांनी पाहिले. आणि इंग्रजीही सोडली नाही.

आपली मुले घरी उर्दू किंवा दखनी बोलतात, गल्लीत मराठी आणि पुढे कॉलेजात इंग्रजी. परकी भाषा आणि नवा विषय असे दुहेरी ओझे पडले की मूल घोकंपट्टीकडे वळते. गुण मिळतात, पण समज येत नाही. म्हणून पालकहो, माध्यम कोणतेही निवडा, पण रोज रात्री मुलाला एक धडा घरच्या भाषेत समजावून सांगावयास लावा. आपण स्वतः शिकलेले नसलात तरी चालेल, फक्त ऐका. जेथे तो अडखळेल, तेथे त्याला धडा समजलेला नाही असे जाणा, आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच शिक्षकांना विचारावयास सांगा. विद्यार्थी मित्रहो, तुम्हीही असे विचारण्यात संकोच करू नका.