७५५ची कुळकथा

वीडब्ल्यूएक्स हा पायथनमध्ये लिहिलेला मुक्त प्रोग्रॅम. गच्चीवरच्या हवामान केंद्राकडून तो तापमान, पाऊस, वारा यांची मापं घेतो, डेटाबेसात साठवतो आणि दर पाच मिनिटांनी आलेखांसकट वेब पानं तयार करून ठेवतो. ती पानं जगाला दाखवण्याचं काम मात्र अपाची किंवा एनजिनएक्ससारख्या वेब सर्व्हरचं. वीडब्ल्यूएक्स आणि वेब सर्व्हर यांच्यातल्या देवाणघेवाणीत अनेकांची गाडी अडते. पानं तयार असतात, वीडब्ल्यूएक्सच्या लॉगमध्ये तक्रार नसते, आणि ब्राउझर उघडला की ४०३, म्हणजे मनाई. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘७७७ करून टाक’. तो का ऐकू नये हे समजायला त्या आकड्यांच्या जन्मापर्यंत जावं लागतं.

१९६९ साली बेल लॅब्ज मल्टिक्स प्रकल्पातून बाहेर पडली. मल्टिक्समध्ये कोणत्या फाइलवर कोणाला काय करता येईल याची सविस्तर यादी ठेवता येई. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी न्यू जर्सीतल्या मरे हिलला युनिक्स उभारलं ते फार लहान यंत्रावर. तिथे यादीऐवजी मूठभर बिटांवर भागवलं गेलं. नोव्हेंबर १९७१च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये परवानग्या बदलणारी सीएचमॉड ही आज्ञा आहे, पण बिट सहाच: मालकाचं वाचन आणि लेखन, इतरांचं वाचन आणि लेखन, चालवण्याची परवानगी सगळ्यांना मिळून एकच, आणि सेट-यूआयडी नावाचा एक खास बिट. गट नाहीतच. १९७४ साली दोघांचा युनिक्सवरचा प्रसिद्ध निबंध आला तोवर चालवण्याची परवानगी मालक आणि इतर अशी विभागली गेली होती. बिट झाले सात. १९७८च्या सुधारित निबंधात ते दहा आहेत. मालक, गट आणि इतर यांना प्रत्येकी तीन, असे नऊ, आणि दहावा तोच खास बिट. तीन बिटांचा मिळून एक अष्टमान अंक होतो, वाचनाचे चार, लेखनाचे दोन, चालवण्याचा एक. म्हणून ७५५ आणि ६४४.

मला या कुळात सर्वांत देखणा वाटतो तो सेट-यूआयडी. ‘मू’ नावाचा आकडा ओळखण्याचा एक खेळ तेव्हा चालायचा. खेळणाऱ्यांचे गुण एका फाइलीत नोंदवायचे, पण खेळणाऱ्याने ती फाइल उघडून स्वतःचे गुण वाढवता कामा नयेत. प्रोग्रॅम तर खेळणाऱ्याच्याच नावाने चालणार, मग त्याने लिहायचं कसं? रिचींनी तोडगा काढला: चालवणारा कोणीही असो, प्रोग्रॅम चालेल तो आपल्या मालकाच्या अधिकाराने. १९७३ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९७९ साली ते मिळालं. समोर बसलेल्या माणसाचे अधिकार वेगळे आणि प्रोग्रॅमचे वेगळे, ही समज इथे स्पष्ट दिसते.

वेब सर्व्हर याच समजेवर जगतो. ८०वा पोर्ट घेण्यापुरता अपाची रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून सुरू होतो आणि पानं वाढायचं काम कमी अधिकाराच्या प्रक्रियांकडे सोपवतो. डेबियनवर त्यांचा वापरकर्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. वीडब्ल्यूएक्सची पाचवी आवृत्ती २०२४ साली आली; तिच्या डेबियन पॅकेजमध्ये हा प्रोग्रॅमही रूटऐवजी स्वतःच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो. घरात संगणक वापरणारा माणूस एकच असला, तरी यंत्राच्या हिशेबी तिथे अनेक रहिवासी आहेत.

आता ते ४०३. पिप या पायथनच्या साधनाने बसवलेला वीडब्ल्यूएक्स पानं ठेवतो आपल्या होम डिरेक्टरीत. पानांना ६४४ आहे, त्यांच्या डिरेक्टरीला ७५५ आहे, सगळं ठीक दिसतं. पण उबुंटूने २१.०४पासून नव्या होम डिरेक्टरीला ७५० द्यायला सुरुवात केली. डिरेक्टरीवरचा चालवण्याचा बिट म्हणजे तिच्यातून आत जाण्याची मुभा, आणि ‘इतर’मध्ये मोडणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला तीच नाही. वाड्याचा दिंडी दरवाजा बंद असेल तर माजघर उघडं असून काय उपयोग? ‘नेमआय -एल’ ही आज्ञा पूर्ण वाटेवरच्या प्रत्येक पायरीचा मालक आणि परवानगी ओळीने दाखवते. अडलेली पायरी तिथेच सापडते. होमला ७११ केलं की वाट मोकळी होते, यादी मात्र बाहेरच्याला दिसत नाही. मी तरी पानांची जागा ‘व्हार’खाली वेब सर्व्हरच्या डिरेक्टरीत हलवीन आणि ती वीडब्ल्यूएक्स चालवणाऱ्या वापरकर्त्याच्या मालकीची करीन.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या मालकीची मात्र नको. पानं या वापरकर्त्याच्या मालकीची नसावीत, नाहीतर सर्व्हर फोडणारा सारी साइट बदलू शकेल, असं डेबियनचं दस्तऐवजीकरणच सांगतं. ७७७ने नेमकं हेच दार उघडतं, तेही प्रत्येकाला.

फेडोरावर हे सगळं जुळूनही मनाई येऊ शकते. तिथे एसईलिनक्स प्रत्येक फाइलला आणखी एक लेबल लावतं, आणि होममधून ‘एमव्ही’ने हलवलेली पानं जुनंच लेबल घेऊन येतात. नव्या जागी ‘रिस्टोरकॉन’ चालवलं की लेबल बदलतं आणि आलेख दिसू लागतात.