आक्काची ड्युटी: दुभाष्याच्या पेशाचा छोटा इतिहास

आमच्या कऱ्हाटीच्या घरात माझा एक चुलतभाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे. त्याचं दवाखान्याचं काम असो, बँकेचं असो, नाहीतर लग्नकार्यातल्या गप्पा, सगळीकडे त्याची मोठी बहीण मध्ये उभी. आम्ही तिला आक्का म्हणतो. एकदा बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टर चांगले पाच मिनिटं बोलले. आक्कानं हाताने एवढंच सांगितलं: गोळी खा, बरा होशील. बाकीचं कुठं गेलं? हा प्रश्न मला पुढे एम.एस्सी. संपवून शिक्षणाच्या इतिहासात पीएच.डी.ला आल्यावर पडला. त्यात आक्काचा दोष नव्हता. तिला हे काम कुणी शिकवलंच नव्हतं.

मग हे काम शिकवायला सुरुवात कधी झाली? आपल्याकडे उत्तर आहे: साधारण २००१. कर्णबधिरांची शाळा मात्र मुंबईत, माझगावला, १८८५ च्या सुमारास बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने निघाली होती. म्हणजे शाळा आधी आणि दुभाष्या शंभरहून जास्त वर्षांनी. एवढा उशीर का?

कारण सापडतं इटलीत. १८८० साली मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. वर्गात खुणांची भाषा नको, मुलांना ओठ वाचायला आणि तोंडाने बोलायला शिकवा, असं तिथं ठरलं. ठरवणारे जवळपास सगळे ऐकू येणारेच होते. हा विचार जगभर पसरला, आपल्याही शाळांत रुजला. आता बघा, खुणा ही भाषाच नाही असं मानलं, तर तिचं भाषांतर करणारा माणूस तरी कशाला लागेल? म्हणून ते काम शंभर वर्षं आक्कांनी केलं. फुकट, आणि अंदाजाने.

आधी भाषा सिद्ध झाली, मगच पेशा उभा राहिला. अमेरिकेत विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये दाखवून दिलं की खुणांनाही रचना असते. लगेच १९६४ मध्ये तिथं दुभाष्यांची राष्ट्रीय संघटना निघाली. भारतात ही सुरुवात मदन वसिष्ठ यांच्यापासून धरता येते. खेडेगावातला मुलगा, वयाच्या अकराव्या वर्षी ऐकू येणं गेलं, पुढे अमेरिकेत शिकला. १९७७ पासून त्यांनी जेम्स वुडवर्ड यांच्यासोबत दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगळूर इथल्या खुणा अभ्यासल्या. काही शब्द शहरागणिक बदलत होते, पण व्याकरण एक होतं. नंतर उल्रिके झेशान यांनी त्या व्याकरणाची मांडणी केली. आणि २००१ च्या सुमारास वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत भारतीय सांकेतिक भाषेचे रीतसर वर्ग सुरू झाले. ही संस्था १९८३ पासूनची. म्हणजे आपल्या देशातल्या या पेशाचं एक महत्त्वाचं पाळणाघर महाराष्ट्रातच आहे.

पुढचा प्रवास थोडक्यात. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्वतंत्रपणे उभं राहिलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषा घेतली. २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा कोश आला, २०२१ पर्यंत तो १०,००० वर गेला. २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्याच्या मदतीने सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या.

पण माझ्यासारख्या विज्ञानवाल्याला खरा प्रश्न डिप्लोमा मिळाल्यानंतरचा वाटतो. समजा अकरावीचा भौतिकशास्त्राचा तास चालू आहे. सर म्हणतात बल, मग म्हणतात दाब. बोलीभाषेत दोन्हीला आपण ‘जोर’ म्हणून मोकळे होतो. दुभाष्याने दोन्हींसाठी एकच खूण केली, तर बल भागिले क्षेत्रफळ म्हणजे दाब हे सूत्र पोराच्या डोक्यात कसं बसणार? सूत्राच्या दोन्ही बाजूला एकच खूण! पोरगं नापास होतं, आणि ‘याला सायन्स झेपत नाही’ असा शिक्का त्याच्यावर बसतो. दुभाष्यावर नाही, आणि व्यवस्थेवर तर नाहीच.

त्यामुळे भाषा येणं ही पहिली पायरी झाली. विषयाची तयारी, सरांकडून आदल्या दिवशी टिपणं घेणं, कर्णबधिर विद्यार्थ्यांसोबत बसून खुणा ठरवणं, थकवा येतो म्हणून दोघांनी आलटून पालटून काम करणं, आणि समजलं नाही तर तास थांबवून विचारायची हिंमत, हे सगळं नोकरीत राहूनच शिकावं लागतं. त्यासाठी पगारी वेळ हवा. डॉक्टरला, शिक्षकाला प्रशिक्षण मिळतं, मग यांना का नको?

मिलानचे ठराव २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेने जाहीरपणे नाकारले. १३० वर्षांनी चूक मान्य झाली. एका पोराचं शाळेतलं आयुष्य मात्र जेमतेम बारा वर्षांचं असतं.

मागच्या दिवाळीला आक्काला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी मी करत हुते त्याचा कोर्स असतोय व्हय? मला आधी कुणी सांगितलं असतं तर..." वाक्य तिनं तिथंच सोडलं आणि भावाला हाताने सांगायला लागली. या वेळी मात्र पूर्ण सांगत होती.