मांजराचा शजरा

पनवेलमध्ये कुणाच्या घरी लांब केसांचं, चपट्या नाकाचं मांजर दिसलं की पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "ओरिजिनल पर्शियन आहे का?" याचं उत्तर वंशावळीच्या कागदावर शोधतात. आणि त्या कागदाचा इतिहास जेमतेम दीडशे वर्षांचा आहे.

मांजराची हकिकत त्याहून जुनी. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाले याने १६२० साली इराणमधून लिहिलेल्या पत्रात खोरासानच्या लांब केसांच्या मांजरांचं वर्णन केलं. पोर्तुगीजांनी ही मांजरं हिंदुस्थानात नेल्याचंही त्याने नोंदवलं. १६२३ मध्ये तो स्वतः आपल्या रायगडातल्या चौल बंदरावरून गोव्याला गेला. तेव्हा मांजरांच्या वंशाची वही मात्र कुणी ठेवत नव्हतं.

१३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये चित्रकार हॅरिसन वीअर याने मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं. कोणत्या जातीचं मांजर कसं असावं, याचे नियमही त्यानेच लिहिले. १८८७ मध्ये तिथे नॅशनल कॅट क्लब स्थापन झाला आणि मांजरांच्या आईबापांची नोंदवही सुरू झाली.

आजचे शो त्याच वाटेने चालतात. मांजराला क्रमांक मिळतो, परीक्षक त्याला टेबलावर घेऊन जातीच्या लेखी मापदंडाशी ताडून पाहतात. अमेरिकेतल्या कॅट फॅन्सिअर्स असोसिएशनच्या मापदंडात पर्शियनला १०० पैकी ३० गुण डोक्याच्या ठेवणीसाठी आहेत, केसांना फक्त १०.

आता गंमत पाहा. नोंदवहीच्या पहिल्या पानावर ज्या मांजरांची नावं चढली, त्यांच्या आईबापांचे कागद कुठे होते? कुणीतरी त्यांना पाहिलं आणि 'चालेल' म्हटलं, इतकंच. आजही कागद नसलेल्या मांजरासाठी काही संस्थांच्या शोमध्ये वेगळा वर्ग असतो. परीक्षकांनी पसंत केलं की त्याची नोंद होते आणि तिथून त्याचा वंश 'सुरू' होतो. आपल्या गल्लीबोळांतल्या देशी मांजरालाही वर्ल्ड कॅट फेडरेशनने 'इंडीमाउ' या नावाने जात म्हणून मान्यता दिली आहे. मांजर तेच होतं, कागद नवा आला.

उलट २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात आजची पर्शियन मांजरं इराणच्या नव्हे, तर पश्चिम युरोपच्या मांजरांच्या जवळची निघाली. नाव इराणचं, रक्त युरोपचं!

हे वाचताना मला आपल्या घरांतले शजरे आठवतात. स्थळ पाहताना मुलाच्या शिक्षणाआधी सय्यद, शेख की पठाण हे विचारलं जातं. पिंजारी, तांबोळी, बागवान म्हटलं की आवाज खाली येतो. मांजरवाले निदान आपली वही १८८७ साली सुरू झाली हे मान्य करतात. आपल्या शजऱ्याचं पहिलं पान कुणी आणि कधी लिहिलं, हे आपण विचारतो का?