मुकादमाने विचारले, गाव कोणते?

गेल्या महिन्यात चुलतभावाचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "दादा, आपल्या मंडळाच्या साइटवर आप्पांनी गिरणीबद्दल लिहिलं होतं ना? मुलीच्या शाळेत प्रोजेक्ट आहे, पाठवशील का?" मी हो हो म्हटलं आणि फोन ठेवला. ते का पाठवता येत नाही हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय. नातेवाईक मंडळींनी मधला तांत्रिक भाग गाळून वाचला तरी चालेल, पण न गाळलात तर बरं, कारण खरी गोष्ट त्यातच आहे.

घोडपदेवला आमच्या गावाची एक खोली होती. गिरणगावात अशा गावकीच्या खोल्या पुष्कळ. जुन्नरकडून आलेला माणूस आधी तिथे वळकटी टाकायचा, मग गिरणीत किंवा गोदीत काम बघायचा. आप्पाही तिथेच उतरले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो कधी संपलाच नाही, आणि आप्पा दारूखान्यात लोखंडाच्या गोदामात जायला लागले. मी तेव्हा दुसरीत होतो. पुढे मी कॉम्प्युटर शिकलो म्हटल्यावर २००१ साली ग्रामस्थ मंडळाच्या अध्यक्षांनी फर्मान काढलं, "आपली वेबसाइट पाहिजे. आणि त्यात आकडा फिरला पाहिजे, किती लोक आले त्याचा."

तो आकडा म्हणजेच सर्व्हरवर चालणारी स्क्रिप्ट. साधं पान म्हणजे बिस्किटचा पुडा, आधीच बांधून ठेवलेला. कुणीही मागा, तोच मिळणार. स्क्रिप्ट म्हणजे आमच्या गल्लीतली खानावळ. तुम्ही बसलात की आत तवा चढतो, आणि ताटात काय येईल ते कोण बसलंय यावर ठरतं. रात्रपाळीवाल्याला वेगळं, उपासवाल्याला वेगळं. गिऱ्हाइकाला फक्त ताट दिसतं, चूल दिसत नाही.

ही चूल वेबवर मांडली गेली १९९३ मध्ये. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात वेब सर्व्हर तयार झाला होता. त्याला बाहेरचा एखादा प्रोग्राम चालवून त्याचं उत्तर पान म्हणून पाठवता यावं, यासाठी एक करार ठरला, सीजीआय. करार अगदी साधा. सर्व्हरने माहिती प्रोग्रामच्या हातात द्यायची, प्रोग्रामने जे छापलं ते वाचणाऱ्याकडे धाडायचं. प्रोग्राम कुठल्याही भाषेत चालला असता, पण लोकांनी उचलली लॅरी वॉल यांची १९८७ ची पर्ल, कारण मजकूर कापणं-जोडणं तिच्यात सोपं. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं. त्याच वर्षी कोलोरॅडोतला मॅट राइट नावाचा शाळकरी मुलगा आपल्या पर्ल स्क्रिप्ट फुकट वाटू लागला होता. आकडा फिरवणारी, अभिप्राय वही, फॉर्म भरला की ई-मेल करणारी फॉर्ममेल. त्या काळात जगातल्या अर्ध्या हौशी साइट या पोराच्या जिवावर चालायच्या असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आमचीही चालली.

बसवणं मात्र सोपं नव्हतं. भायखळा स्टेशनजवळ सायबर कॅफे, तासाला ३० रुपये, खिशात फ्लॉपी. स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये उघडायची, पहिल्या ओळीत सर्व्हरवर पर्ल कुठे राहते तो पत्ता घालायचा, एफटीपीने सीजीआय-बिन या फोल्डरमध्ये चढवायची आणि परवानगी द्यायची, ७५५. हा ७५५ आकडा मला चाळीमुळे पटकन समजला. पहिला अंक खोलीच्या मालकाचा, दुसरा खोलीवाल्यांचा, तिसरा बाकी जगाचा. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १. मालकाला सगळं, म्हणजे ७. बाकीच्यांनी बघावं, वापरावं, पण भिंतीवर लिहू नये, म्हणून ५. अभिप्राय वहीच्या फाइलला मात्र ६६६ द्यावा लागायचा, कारण तिच्यावर सगळ्यांनीच लिहायचं.

एवढं करून पान उघडलं की दिसायचं, '५०० इंटर्नल सर्व्हर एरर'. तीन रविवार हाच एक निरोप. शेवटी उलगडा झाला तो असा. विंडोजमध्ये ओळ संपल्याची खूण दोन चिन्हांची, युनिक्समध्ये एकाच चिन्हाची. मी फाइल चुकीच्या पद्धतीने चढवत होतो, त्यामुळे पहिल्या ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह चिकटून राहायचं आणि सर्व्हर पर्लला भलत्याच नावाने हाका मारत बसायचा. एफटीपीत 'आस्की' वर टिचकी मारली आणि आकडा फिरला! उद्घाटनाला शून्य दिसू नये म्हणून मी तो १०१ पासून सुरू केला होता. अध्यक्षांना अजून माहीत नाही.

पहिली वही वर्षभर छान चालली. मस्कतहून, सुरतेहून, गावाकडच्या एसटीडी बूथवाल्याकडून रोमन लिपीत मराठी नमस्कार यायचे. मग २००२ मध्ये एका सकाळी साइटच गायब. फॉर्ममेलला मेल कुणाला पाठवायची तो पत्ता फॉर्ममध्येच लिहिलेला असायचा, आणि फॉर्म तर कुणीही बनवू शकतो. कुणी भामट्याने आमच्या स्क्रिप्टच्या खांद्यावरून हजारो जाहिराती धाडल्या. जगभर हेच चाललं होतं, आणि लंडनच्या पर्लवाल्यांनी तर या स्क्रिप्टना सुरक्षित पर्याय म्हणून एनएमएस नावाचा संचच लिहून काढला होता. मला ते उशिरा कळलं. जागा देणाऱ्या कंपनीने न विचारता खातं बंद केलं आणि फाइली द्यायला नकार दिला. माझ्याकडे स्क्रिप्टची प्रत होती, वहीची नव्हती. पुढे इंटरनेट अर्काइव्हवर साइटचं जुनं पान सापडलं. त्या वहीचीही एक प्रत तिथे आहे, कारण मॅटची बावळट स्क्रिप्ट प्रत्येक अभिप्राय सरळ पानातच लिहून टाकायची. म्हणजे ताट शाबूत राहिलं. आकड्याच्या जागी मात्र रिकामी चौकट आहे.

त्या अनुभवानंतर मी शहाणा झालो. निदान तसं मला वाटलं. पर्ल सोडून पीएचपीकडे गेलो. तिचा जन्मही आकडा फिरवण्यातूनच झालेला. रास्मुस लेरडॉर्फ या ग्रीनलँडमध्ये जन्मलेल्या गृहस्थाने आपला बायोडेटा कोण बघतंय ते कळावं म्हणून १९९४ मध्ये काही प्रोग्राम लिहिले आणि १९९५ मध्ये वाटून टाकले. इस्रायलमधल्या झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स या दोघांनी ते मुळापासून पुन्हा लिहिले, आणि १९९८ मध्ये पीएचपी ३ आली. इथे पानातच मध्ये मध्ये कोड लिहायचा आणि मजकूर मायएसक्यूएलच्या तक्त्यात ठेवायचा. परवानग्यांची कटकट कमी. २००३ मध्ये वर्डप्रेस आल्यावर तर पाच मिनिटांत ब्लॉग बसवायची सोय झाली. मराठीतही तोवर हालचाल होती. मायबोली १९९६ पासून होतीच, २००४ मध्ये मनोगत ड्रूपलवर उभं राहिलं आणि तिथे सरळ देवनागरीत लिहिता येतं हे बघून मी वेडाच झालो. 'फॉन्ट डाउनलोड करा' ची पाटी नाही, काही नाही!

मी त्याच वर्षी हौसेने स्वतःच नवी वही लिहिली, पीएचपीत, युनिकोडवाली. आणि आप्पांना म्हटलं, तुम्ही लिहा. आप्पा सातवी शिकलेले, अक्षर सुरेख. चार दिवसांनी कालनिर्णयच्या मागच्या बाजूला भरगच्च पानभर लिहून आणलं. मी टाइप केलं, बटण दाबलं, 'धन्यवाद' आलं. आप्पांनी चष्म्याच्या वरून बघितलं आणि म्हणाले, "गेलं का?" म्हटलं, "गेलं." तो कागद नंतर रद्दीत गेला.

आप्पा २००९ मध्ये वारले. २०१० मध्ये मी तक्ता उघडला. या वेळी बॅकअप व्यवस्थित होता, दर महिन्याचा, सगळे सारखे. त्यात आप्पांचं एवढंच आहे:

"मी १९६४ साली मिलमध्ये बदली म्हणून लागलो. पहिल्या दिवशी मुकादमाने विचारले गाव कोणते? मी सांगितले" आणि पुढे एक प्रश्नचिन्ह, जे आप्पांचं नाही.

कारण समजायला वेळ लागला नाही. मी निरोपाचा रकाना २५५ चा ठेवला होता. लोक नमस्कार-चमत्कारापलीकडे काय लिहिणार, असा माझा हिशोब. आमच्या सर्व्हरवरच्या जुन्या मायएसक्यूएलला युनिकोड ठाऊक नव्हतं, ते ४.१ पासून, २००४ च्या अखेरीस आलं. त्यामुळे ते अक्षरं मोजत नव्हतं, बाइट मोजत होतं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. 'घोडपदेव' हा शब्द आपल्याला पाच अक्षरांचा, काना-मात्रा धरून सात चिन्हांचा, आणि पीएचपीला विचाराल तर लांबी २१. आप्पांची ७९ चिन्हं, त्यांचे २३७ बाइट. मधल्या जागा, एक पूर्णविराम आणि एक प्रश्नचिन्ह मिळून १७. झाले २५४. उरलेल्या एका बाइटात पुढच्या अक्षराचा एक तृतीयांश तुकडा बसला. बाकी पानभर मजकूर त्याने कापून टाकला आणि चूकभूलसुद्धा कळवली नाही. तेव्हाचं मायएसक्यूएल असं गुपचूप कापायचं. पण रकाना मी ठरवला होता, आणि बटण दाबल्यावर वही उघडून एकदा बघायचंही मलाच सुचलं नाही.

तो उरलेला बाइट मी बऱ्याच वेळा बघितलाय. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह त्याच बाइटने सुरू होतं, त्यामुळे त्यावरून पुढचं अक्षर ओळखता येत नाही.

आईला विचारलं. ती म्हणते, मुकादम म्हणाला होता, "मग उद्यापास्नं ये," कारण तोही जुन्नरचाच. थोरले काका म्हणतात, छे, मुकादम साताऱ्याचा होता आणि त्याने पाच रुपये मागितले. घोडपदेवला न्यू हिंद मिलच्या जागी आता म्हाडाच्या इमारती आहेत. तिथे आप्पांच्या जोडीचे एक जण राहतात. त्यांना भेटून आलो, तर ते म्हणाले, "आप्पा कधी बोललाच नाही त्यावर." आत्या तेवढी राहिली आहे. ती गावच्या यात्रेला येईल, तेव्हा तिला विचारतो. तोवर पुतणीला म्हणावं, प्रोजेक्टमध्ये आहे तेवढंच लिही, प्रश्नचिन्हासकट.